जुनं आर्केड मशीन वर्षानुवर्षं चालू ठेवायचं तर

१९८१चं डाँकी काँग हे गेम मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, की सर्वोच्च स्कोअरच्या यादीतला पहिला आकडा परत ७६५०. भाच्याने मे महिन्याची सुट्टी घालवून केलेला स्कोअर पुसला गेला. त्याच्या बोर्डावर, म्हणजे आतल्या चिपांच्या पाटीवर, स्कोअर रॅममध्ये राहतो, आणि वीज आहे तोवरच रॅमला काही आठवतं. गॅलागा या दुसऱ्या गेमचंही तेच. म्हणून लोक मशीन बंदच करत नाहीत. माझं गॅलागा सहा वर्षं सलग चालू आहे.

‘बंद केलंच नाही तर ते बिघडतच नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. बोर्डाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण वारंवार तापून गार झालं की सोल्डरचे जोड आणि चिपचे सॉकेट ढिले होतात. पिक्चर ट्यूबच्या बाबतीत हा सल्ला साफ चुकीचा आहे. जुन्या पॅक-मॅन मशीनचा पडदा बंद असतानाही त्यावर चक्रव्यूह दिसतो, तो सतत तेच चित्र दाखवून असाच भाजला गेलेला असतो. तेव्हा बोर्ड चालू ठेवायचा आणि पडदा खेळण्यापुरताच लावायचा.

त्यासाठी मॉनिटरला घरच्या विजेपासून वेगळं ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरला येणाऱ्या २३० व्होल्टच्या वायरवर वेगळा स्विच लावा. ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे जाड वायर लागते त्या टोकावर, वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वीज काढल्यावरही तो टिकतो. जुने टीव्ही उघडायची सवय नसेल तर हे काम टीव्ही मेकॅनिककडून करून घ्या. वरच्या पाटीमागची ट्यूबलाइटही याच स्विचवर घ्या. पडदा बंद असताना माझं मशीन साधारण ३० वॉट घेतं, म्हणजे महिन्याला २२ युनिट.

पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदला आणि १०५ अंश तापमानापर्यंत चालणारेच घ्या. तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. आत ५५ अंश असेल, तर ८५ अंशांवर २००० तास टिकणारा कॅपॅसिटर १६,००० तासांत संपतो. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे दोन वर्षंही नाहीत. १०५ अंशांवर तितकेच तास टिकणारा सात वर्षं काढतो.

पंखा बॉल बेअरिंगचा लावा.

आता ५ व्होल्टची लाइन. माझा पहिला बोर्ड मी इथेच घालवला. चित्रात कचरा येऊ लागला, गेम आपोआप रीसेट होऊ लागला, की हमखास सल्ला मिळतो: एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) प्रीसेट, म्हणजे व्होल्टेज जुळवायचा छोटा स्क्रू, फिरवा, व्होल्टेज थोडं वाढवा. कृपा करून वाढवू नका. बोर्ड जिथे कनेक्टरमध्ये बसतो तिथे पट्ट्यांवर कार्बन धरतो. समजा तिथे ०.१ ओहम रोध आला आणि ४ अँपिअर वाहतायत, तर ०.४ व्होल्ट तिथेच जातात आणि दीड वॉटहून जास्त उष्णता त्या इवल्याशा जागी साठते. बोर्डाला ४.६ मिळतात. त्यावरच्या ७४ने नंबर सुरू होणाऱ्या जुन्या मालिकेतल्या चिपना किमान ४.७५ लागतात. तुम्ही प्रीसेट फिरवता आणि गेम चालतो. पण जागा तापतच राहते, कार्बन वाढतो, तुम्ही पुन्हा फिरवता. मी असं करत ५.८ पर्यंत गेलो होतो. एके दिवशी झाडताना कनेक्टर जरासा हलला, संपर्क नीट बसला आणि ते सगळे व्होल्ट थेट चिपवर गेले. दोन रॅम गेल्या, आणि त्यांच्यासोबत चार वर्षांचा स्कोअर.

म्हणून मोजायचं ते बोर्डावरच, सप्लायच्या स्क्रूवर नाही. १४ पायांच्या ७४ मालिकेतल्या बहुतेक चिपचा १४वा पाय धन आणि ७वा ग्राउंड असतो, तिथे मल्टिमीटर लावा. ५.० ते ५.१ हवं. मग सप्लायवर मोजा. दोन्हींत ०.१ हून जास्त फरक असेल तर दोष कनेक्टरचा किंवा वायरचा आहे, प्रीसेटला हात लावायचा नाही. ग्राउंडच्या बाजूलाही तितकाच व्होल्टेज गळू शकतो, हे बहुतेकजण विसरतात.

बोर्डाच्या कडेच्या पट्ट्या खोडरबर आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावाल तर वरचा मुलामा जाईल आणि महिन्याभरात कार्बन परत येईल. कनेक्टर काळा पडला असेल तर तो नवाच घ्या, ३.९६ मिलिमीटर अंतराचा. आपल्या गेम पार्लरमधल्या ‘मुस्तफा’सारखा जॅमा (पायांची ठरलेली मांडणी असलेला) बोर्ड असेल, तर ५ व्होल्टसाठी ३, ४, सी, डी हे चारही पाय आणि ग्राउंडसाठी १, २, ए, बी हे सगळे वापरा. एका पायावर सगळा भार टाकून बाकीचे मोकळे सोडलेले कनेक्टर मी ढिगाने पाहिलेत, आणि जळलेला पाय नेमका तोच असतो. जोडून झाल्यावर तासाभराने पुन्हा मोजा आणि कनेक्टरला बोट लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

पडदा वेगळा केल्यावर भार इतका कमी होतो, की ६०० व्हीएचा साधा संगणकी यूपीएस तासभर तरी साथ देतो. पावसाळ्यातल्या झटक्यांना त्याशिवाय इलाज नाही. फ्यूज नेमून दिलेल्याच अँपिअरचा ठेवा. त्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती आधी काढा. कॅबिनेट लाकडाचं आहे आणि तुम्ही झोपलेले असणार.

दर महिन्याला बोर्डावरचे व्होल्ट मोजून दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहा. आकडा ०.०५ ने घसरला किंवा जळका वास आला, तर थांबू नका. फोनवर स्कोअरचा फोटो काढा आणि मशीन बंद करा.