गोष्टीचं पुस्तक निवडताना या चुका टाळा : पाच वर्षांच्या नातीपासून पंच्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकला की सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्याच दिवसांत माझ्या पुढच्या खोलीत गर्दी वाढते. या खोलीत भिंतीला लावलेली चार कपाटं आहेत आणि त्यांत फक्त कथा-कादंबऱ्या. आसपासच्या गल्ल्यांतले लोक येतात, वहीत नाव लिहून पुस्तक नेतात. ठरलेलं वाक्य असतं, “काकू, पोरगं मोबाइल सोडत नाही, एखादं चांगलं पुस्तक द्या की.” आठ दिवसांनी पुस्तक तसंच कोरं परत येतं आणि सोबत निकालही येतो : “त्याला वाचनाची आवडच नाही हो.”

सुरुवातीला वहीत दोनच रकाने होते, नेल्याची तारीख आणि आणल्याची तारीख. मग मी तिसरा आखला : कुठं थांबला? पान नंबर. पूर्ण वाचलं असेल तर बरोबरची खूण. हा रकाना भरायला लागल्यावर लक्षात आलं की दोष वाचणाऱ्याचा क्वचितच असतो. पुस्तक आपण आपल्या मनासाठी निवडतो आणि वाचायला दुसऱ्याच्या हातात देतो. आमच्या वहीत वारंवार दिसणाऱ्या चुका अशा.

मलपृष्ठावरचं वय बघून पुस्तक देणं

‘वयोगट ८ ते १२’ असं छापलेलं असतं. चौथीच्या एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुली माझ्याकडे येतात. एक भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दोन दिवसांत संपवते आणि पुढचा भाग मागते. दुसरीला जोडाक्षर आलं की बोट ठेवून थांबावं लागतं. वय दोघींचं नऊच.

सोलापुरात तर हा प्रश्न जास्तच गुंतलेला आहे. पूर्व भागात घरात तेलुगू, काही घरांत कन्नड, काहींत दखनी, गल्लीत मराठी आणि शाळा इंग्रजी किंवा सेमी. असं मूल मराठी फाडफाड बोलतं, पण छापील मराठी त्याच्यासाठी वेगळीच भाषा असते. गल्लीत ‘काय करलालास बे’ म्हणणाऱ्या पोराला पुस्तकातला मुलगा ‘अगं आई, मी काय म्हणतो’ असं बोलताना दिसला, की तो तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. त्याला आपण ‘आळशी’ म्हणतो.

उपाय अगदी साधा. पुस्तकाचं मधलंच एखादं पान उघडा आणि मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. (मी ‘माझा चष्मा आत राहिला, जरा वाचून दाखव’ म्हणते. परीक्षा घेतोय असं कळलं की मुलं बिथरतात.) अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पान संपायच्या आत मूठ बंद झाली, तर ते पुस्तक आज एकट्यानं वाचायचं नाही. ते नाकारायचंही नाही. पहिली दोन प्रकरणं तुम्ही वाचून दाखवा. माणसं ओळखीची झाली की भाषेची भीती निम्मी होते. आणि गोष्ट कळते पण अक्षरं छळतात अशा मोठ्या मुलाला ‘बाळांची’ पुस्तकं देऊन त्याचा अपमान करू नका. ‘किशोर’ मासिक द्या. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. दोन-तीन पानांची गोष्ट, सोबत चित्र. संपवल्याचं समाधान पहिल्याच दिवशी मिळतं.

पाच ते आठ वर्षांसाठी मात्र माझा हट्ट आहे : चित्रं नुसती सजावटीला असलेली पुस्तकं नकोत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘यश’ मालिकेत किंवा ‘राधाचं घर’मध्ये चित्रच अर्धी गोष्ट सांगतं. न वाचता येणारं मूलही ते पुस्तक ‘वाचतं’. आणि एकच पुस्तक तेराव्यांदा मागत असेल तर द्या. त्याला काही झालेलं नाही.

नायक लहान, म्हणजे पुस्तक लहानांचं

ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’चा लंपन शाळकरी आहे, म्हणून ते पुस्तक पाचवीतल्या भाच्याला वाढदिवसाला जातं. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’च्या तर नावातच शाळा. पण लंपनच्या कथांत बाहेर फारसं काही घडत नाही, जे घडतं ते त्याच्या मनात. ते कळायला वाचणाऱ्याचं बालपण थोडं मागं पडलेलं लागतं. ‘शाळा’तली पोरं नववीतली आहेत, काळ आणीबाणीचा आहे. नववी-दहावीतल्या मुलाला ते हातात पडलं की तो एका बैठकीत निम्मं संपवतो. पाचवीतला दहाव्या पानावर थांबतो, कारण त्यातली बोच त्याला अजून लागलेलीच नसते. आईवडिलांना पहिल्या प्रेमाची धास्ती वाटत असेल तर आधी स्वतः वाचावं. बहुतेक जण नंतर गुपचूप बसतात.

लंपनबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. बेळगावकडचं ते कानडी हेल असलेलं बोलणं पुण्याच्या वाचकाला गंमत वाटते, आमच्याकडे ते शेजारच्या घरातलं असतं. म्हणून मोठ्यांना, विशेषतः कानडी घरांत वाढलेल्यांना, मी हे पुस्तक हमखास देते. परत आणायला उशीर होतो, एवढीच अडचण.

आणि आता ‘श्यामची आई’. भेट म्हणून सगळ्यात जास्त दिलं जाणारं हे पुस्तक आमच्या वहीच्या तिसऱ्या रकान्यात पान १०-१५च्या आसपास सगळ्यात जास्त वेळा थांबलेलं आहे. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं ते खरं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात कोकणातलं घर, पत्रावळ, मोरी गाय, व्रतं आहेत. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या सातवीतल्या मुलासाठी तो परदेशच. आपण ते देतो, कारण आपण लहानपणी ते वाचून रडलो होतो. त्याला आपल्या रडण्याशी काय देणंघेणं?

पण उपाय त्या पुस्तकातच आहे. त्यात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना एक आठवण सांगतो. मग तसंच करा ना. रोज जेवणानंतर एक रात्र, कुणीतरी मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी पडून ऐकायची. क्रमानं नाही वाचलं तरी चालतं. ‘पत्रावळ’पासून सुरू करा, नाहीतर ‘मोरी गाय’पासून. एकट्यानं दहाव्या पानावर सोडून दिलेल्या मुलांपैकी काहींनी हे असं पूर्ण ऐकलेलं मला माहीत आहे.

कथा छोटी, म्हणजे सोपी

‘कादंबरी मोठी होईल, कथासंग्रह द्या.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात नवख्या मुलाला कथासंग्रह अवघड जातो. प्रत्येक कथेला नवं गाव, नवी माणसं, नव्यानं ओळखी. दहा कथा म्हणजे दहा वेळा अनोळखी घरात शिरणं. त्यापेक्षा एकच हिरो पुस्तकामागून पुस्तक भेटत राहिला तर बरं. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे. एकदा दोस्ती झाली की पुढची पुस्तकं मुलं स्वतः शोधतात, आपण फक्त कपाट उघडं ठेवायचं.

मोठ्यांतही हीच फसगत. जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’तली एक कथा जाडजूड कादंबरीपेक्षा जास्त दमवते. वीस वर्षांनी पुन्हा वाचायला लागलेल्या एका बँकेतल्या गृहस्थांना मी स्वतःच ते दिलं होतं. चूक माझी. ते दोन महिने माझ्या घरावरून जाताना रस्ता बदलायचे. नंतर त्यांना व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ दिली. एकेक व्यक्तिचित्र काही पानांचं, भाषा रोजच्या बोलण्यातली, आणि माणदेश तर आमच्या सांगोल्यापासूनच सुरू होतो. तिसऱ्या दिवशी ते माडगूळकरांचीच कादंबरी ‘बनगरवाडी’ मागायला आले.

दमलेल्या, मध्येच उठावं लागणाऱ्या मोठ्या माणसाला छोटं लेखन बरं पडतं. मुलाला मात्र ओळखीचा माणूस हवा असतो. हे दोन्ही नियम मोडणारे वाचकही भेटतात. तेव्हा वहीकडे बघायचं.

गोष्ट संपली की तात्पर्य विचारणं

यावर फार लिहीत नाही. बाप मुलाला माझ्यासमोर विचारतो, “मग, यातून काय शिकलास?” मुलगा जमिनीकडे बघतो. पुढच्या वेळी तो येत नाही. तुम्ही सिनेमा बघून आल्यावर तुमच्या साहेबानं दारात हाच प्रश्न विचारला तर? विचारायचंच असेल तर ‘पुढं काय झालं रे?’ विचारा, आणि ते तुम्हाला खरंच माहीत नसू द्या.

‘आपल्या सोलापूरचा लेखक’ म्हणून दहावीच्या मुलाला भेट

त्र्यं. वि. सरदेशमुख सोलापूरचे. त्यांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला २००३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, पण अभिमान हा वाचकाचा वयोगट नव्हे. त्या कादंबरीला मुरलेला वाचक लागतो. दहावी पास झाल्याबद्दल ती मिळालेली एक प्रत माझ्याकडे आहे, आतल्या पानावर मामाची सही, पानं कडक. दहा वर्षांनी तो मुलगा मागायला येईल म्हणून मी ती वेगळी ठेवली आहे.

जिल्ह्यातलंच काही द्यायचं असेल तर द. मा. मिरासदार द्या. जन्म अकलूजचा. ‘व्यंकूची शिकवणी’ किंवा ‘भुताचा जन्म’ सातवीतला मुलगा आणि त्याचा आजोबा एकाच वेळी ऐकू शकतात आणि एकाच ठिकाणी हसतात. असं लेखन फार थोडं असतं.

म्हातारपण म्हणजे पोथी आणि जाडजूड ग्रंथ

पंच्याहत्तरीच्या आजोबांना निवृत्तीनंतर ‘आता भरपूर वेळ आहे’ म्हणून मुलानं ‘मृत्युंजय’ आणून दिलं. कादंबरी १९६७ची, आजोबांनी तरुणपणी ती उधार आणून रात्री जागून वाचलेली. आता तेच पुस्तक छातीवर धरून पडल्या पडल्या वाचताना हात दुखतात आणि बारीक टाइपामुळे डोळ्याला पाणी येतं. मुलाला वाटतं, बाबांची आवड गेली. आवड जागेवरच होती, वजन आड आलं.

ज्येष्ठांसाठी पुस्तक घेताना आधी हातात तोलून बघा, मग पान उघडून हातभर लांब धरा. अक्षर तेवढ्यावरून दिसलं तर घ्या. जाड कादंबरीच हवी असेल तर मांडीवर उशी किंवा पोथीची घडवंची. त्याच घडवंचीवर कादंबरी ठेवली म्हणून देव रागावत नाही. डोळे अगदीच थकले असतील तर मोबाइलवर कथा ऐकायची सोय आता आहे, फक्त पहिल्यांदा लावून कुणीतरी द्यावं लागतं.

आणि म्हातारी माणसं देवाधर्माचंच वाचतात हा समज तर सोडूनच द्या. बाळीवेसेतून येणाऱ्या एक आज्जी माझ्याकडून फक्त नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा नेतात. “भजन मंडळात रोज चांगलंच ऐकतो की आम्ही,” असं म्हणतात. तिसरा रकाना त्यांचा कायम बरोबरच्या खुणेचा.

आणखी तीन, घाईत

ऐतिहासिक कादंबरी इतिहासाचा अभ्यास म्हणून देऊ नका. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तले संवाद एका मुलीनं उत्तरपत्रिकेत माधवरावांचे उद्गार म्हणून लिहून ठेवले होते.

आतल्या पानावर अनुवादकाचं नाव नसेल तर ते भाषांतर स्वस्त असलं तरी घेऊ नका. नाव लपवलेल्या भाषांतरात वाक्यं लंगडतात आणि मूल समजतं की परदेशी गोष्टी अशाच कंटाळवाण्या असतात.

‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर बारीक छापलेला असतो. बघून घ्या.

पान नंबर काय सांगतो

पहिल्या पाच पानांत थांबला असेल तर भाषा किंवा अक्षर. पुस्तक तेच ठेवा, वाचून दाखवा. वीस-तीस पानांवर थांबला तर निवड चुकली, चर्चा न करता बदला. शंभराच्या पुढे थांबला असेल तर पुस्तकाला बोल लावू नका, घरात काय चाललंय ते बघा. परीक्षा असते, पाहुणे असतात, कधी भांडणं असतात.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीची ‘बनगरवाडी’ अशीच बरीच पुढं जाऊन थांबली होती. मला वाटलं, सहामाही असेल. दोन दिवसांनी तिची आई आली. घरी बिड्या वळते, बोलते तेलुगू आणि मराठी दोन्ही, वाचता एकही येत नाही. मांडीवर सूप घेऊन ती बसायची आणि लेक शेजारी बसून मोठ्यानं वाचायची, हे मला तेव्हा कळलं. लेकीला मध्येच मावशीकडे पाठवलं होतं आणि मास्तराचं पुढं काय झालं ते हिला समजलं नव्हतं.

“तुम्हीच सांगा की काकू, गाव राहतं का उठतं?”

मी सांगितलं नाही. लेक कधी येणार ते विचारलं, पुस्तकाची मुदत पंधरा दिवस वाढवली आणि वहीत लेकीच्या नावाखाली आईचं नाव लिहिलं.