सूक्ष्मदर्शकाला दोष देण्याआधी: ऊतींच्या इमेजिंगमध्ये या चुका टाळा

चित्र धूसर आलं की पहिला संशय लेझरवर जातो. मग लेझरची ताकद वाढते, डिटेक्टरचा गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) वाढतो, चित्र उजळतं, पण सुधारत मात्र नाही. बिघाड बहुतेक वेळा यंत्रात नसतोच. ऊती हा भिंगापुढे बसलेला आणखी एक प्रकाशीय भाग असतो. ती प्रकाश वाकवते, विखुरते, शोषते आणि वर स्वतःही चमकते. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

न रंगवलेला काप न बघणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ऊतीत स्वतःची प्रतिदीप्ती, म्हणजे लेझरचा प्रकाश पडल्यावर वेगळ्या रंगात चमकणं, भरपूर असते. पेशीतला एनएडीएच हा रेणू निळ्यात चमकतो, कोलॅजेन आणि इलॅस्टिन ही तंतूंची प्रथिनं निळ्या-हिरव्यात. वयस्क प्राण्याच्या मेंदूत आणि हृदयाच्या स्नायूत लिपोफसिन या वयासोबत साचणाऱ्या रंगद्रव्याचे कण साठतात, ते जवळजवळ प्रत्येक चॅनेलमध्ये (एकेका रंगाच्या वेगळ्या चित्रात) दिसतात. दोन वेगळ्या रंगांचे ठिपके अगदी एकमेकांवर बसले की ‘दोन्ही प्रथिनं एकाच जागी आहेत’ असं लिहायचा मोह होतो. त्याआधी ज्या चॅनेलसाठी रंगच लावलेला नाही, तो उघडून पाहा. तिथेही तेच ठिपके असतील, तर ते लिपोफसिन असण्याची शक्यता मोठी.

त्यासाठी प्रत्येक वेळी एक काप पूर्ण बिनरंगी ठेवा आणि दुसऱ्यावर फक्त दुय्यम अँटिबॉडी (प्रथिनाला चिकटणाऱ्या पहिल्या अँटिबॉडीला धरणारी, रंग जोडलेली) लावा. दोन्ही काप त्याच फिक्सेटिव्हमधून (ऊती टिकवणाऱ्या रसायनातून) गेलेले हवेत, कारण फिक्सेशनमुळेही चमक वाढते. ग्लुटराल्डिहाइड त्यात फॉर्माल्डिहाइडपेक्षा वाईट. सेटिंग्जही तीच ठेवायची. कंट्रोलसाठी, म्हणजे या तुलनेच्या कापांसाठी, गेन ‘जरासा’ कमी केला तर तो कंट्रोल राहत नाही.

ही चमक टाळण्यासाठी रंग लांब तरंगलांबीचा निवडावा, म्हणजे ६४७ नॅनोमीटरला उत्तेजित होणारा वगैरे. वनस्पतीच्या पानात मात्र हाच सल्ला अंगाशी येतो, कारण क्लोरोफिल ६८० नॅनोमीटरच्या आसपास जोरात चमकतं. लिपोफसिनची चमक झाकायला सुदान ब्लॅक बी हे काळं रंजक चालतं, पण ते लावल्यावर डिटर्जंटने धुतलं तर निघून जातं आणि लाल-अतिलाल भागात स्वतःची पार्श्वभूमी वाढवतं. म्हणजे सुदान ब्लॅक आणि अतिलाल रंग हे दोन उपाय एकत्र वापरताना पुन्हा बिनरंगी काप बघावाच लागतो.

तेलाचं भिंग, पाण्यातला नमुना

१.४ न्युमेरिकल अपर्चरचं (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं, त्याचा आकडा) ऑइल ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं तेल लावून वापरायचं भिंग, सर्वांत चांगलं, असा समज पक्का आहे. काचेला चिकटलेल्या पेशींसाठी तो खराही आहे. तेल आणि काचेचा अपवर्तनांक साधारण १.५२, पाण्याचा १.३३. नमुना पाणीदार असेल तर काही दहा-वीस मायक्रॉन आत गेल्यावर गोलीय विपथन (किरण एकाच बिंदूत न जुळणं) एवढं वाढतं की, कागदावर कमी दर्जाचं दिसणारं वॉटर किंवा ग्लिसरॉल भिंग अधिक स्वच्छ चित्र देतं.

यात मापाचीही गडबड होते. नमुना ठेवायचं स्टेज १० मायक्रॉन सरकलं तरी पाणीदार नमुन्यात फोकस त्याहून कमी सरकतो, ढोबळ हिशेबाने पावणेनऊ मायक्रॉनच. त्यामुळे थ्री-डी चित्रात गोल केंद्रकं उभी ताणलेली दिसतात. पेशींचा आकार बदलला असा निष्कर्ष काढण्याआधी माउंटिंग मीडियमची (नमुना ज्या द्रवात बसवतात त्याची) बाटली वाचा.

कव्हरस्लिपचंही, म्हणजे नमुन्यावरच्या पातळ काचेचंही, तसंच. बहुतेक ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर जाडीसाठी बनवलेली असतात. म्हणजे क्रमांक १.५ ची काच, क्रमांक १ ची नव्हे. ४० एक्सच्या कोरड्या भिंगाने फोकसच सापडत नसेल, तर स्लाइड उलटी ठेवलेली नाही ना ते आधी बघा. हसू येईल, पण तासाभराची दुरुस्ती यावरच संपते.

आत अंधार म्हणजे आत काहीच नाही?

जाड कापाच्या मध्यभागी सिग्नल नसेल, तर तीन कारणं संभवतात: प्रथिनच नाही, अँटिबॉडी पोचली नाही, किंवा प्रकाश पोचला नाही. यांत फरक करायला केंद्रकाचा रंग कामी येतो. डॅपी या केंद्रकाच्या निळ्या रंगाचा रेणू छोटा असतो, तो अँटिबॉडीपेक्षा सहज आत शिरतो. त्याचा निळा प्रकाश ऊतीत जास्त विखुरतो, तरीही तो मध्यभागी नीट दिसत असेल, तर अँटिबॉडीवर संशय घ्या. दोन्ही मंद असतील, तर काप उलटवून दुसऱ्या बाजूने पाहा. कडेला उजळ आणि आत अंधार हे चित्र उलटवल्यावरही तसंच असेल, तरी अँटिबॉडीची शंका उरते. मग ठोकळा मधून कापून बघण्याला पर्याय नाही.

कॉन्फोकलने (फोकसबाहेरचा प्रकाश अडवणाऱ्या लेझर सूक्ष्मदर्शकाने) दाट ऊतीत शंभरेक मायक्रॉनपलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. त्यापुढे टू-फोटॉन, म्हणजे लांब तरंगलांबीचे दोन फोटॉन एकदम शोषले जाऊन रंग चमकवणारी पद्धत. तिथला नेहमीचा फसवा पाहुणा म्हणजे कोलॅजेनचा सेकंड हार्मोनिक सिग्नल, लेझरच्या बरोबर निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश. ८०० नॅनोमीटरचा लेझर लावला की तो बरोबर ४०० ला येतो आणि निळा रंग समजला जातो. लेझर ८४० वर न्या. सिग्नल ४२० ला सरकला तर तो रंग नाही, कोलॅजेन आहे.

छोट्या पण नेहमीच्या

पूर्ण ताकदीच्या लेझरवर जागा शोधत बसू नका, चित्र घेण्याआधीच रंग विझतो. अनेक रंग असतील तर लांब तरंगलांबीपासून सुरुवात करा. हिरव्या रंगाची शेपटी नारिंगी चॅनेलमध्ये डोकावते, म्हणून चॅनेल एकामागोमाग घ्या आणि एकाच रंगाचे कंट्रोल ठेवा. ८-बिट चित्रात २५५ ला टेकलेले पिक्सेल मोजणीत निरुपयोगी असतात. मोजायची फाइल जेपीईजीत कधीच साठवू नका.

ओसीटीचे आकडे

ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफीत (ओसीटी, ऊतीतून परतलेल्या प्रकाशावरून उभा छेद दाखवणारी पद्धत) उभं अंतर हे प्रकाशाच्या मार्गाचं असतं. ऊतीचा अपवर्तनांक साधारण १.३८ धरला, तर दुरुस्ती न केलेल्या चित्रातला १ मिलिमीटर प्रत्यक्षात सुमारे ०.७२ मिलिमीटर असतो. सॉफ्टवेअर हा भागाकार आधीच करतं का, हे तपासा, नाहीतर तो दोनदा होतो. दृष्टिपटलाच्या चित्रात रक्तवाहिनीखाली पडणारी उभी काळी पट्टी ही सावली असते, इजा नव्हे. वर वाहिनी दिसते का, ते पाहिलं की कळतं. आणि चित्राच्या वरच्या कडेला ऊती दुमडून उलटी दिसू लागली, तर नमुना शून्य-विलंबाच्या रेषेपलीकडे (जिथे नमुन्याचा आणि संदर्भ-आरशाचा प्रकाशमार्ग सारखाच असतो, त्या रेषेपलीकडे) गेलेला आहे. तो थोडा दूर सरकवा किंवा संदर्भ-आरशाचं अंतर बदला.