तोंडात फ्लॅप बसवलाय? मग या चुका टाळा

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर टाके सुकले, नाकातली नळी निघाली, घरी आलो, की वाटतं आता तो फ्लॅप, म्हणजे कापलेल्या जागी अंगाच्या दुसऱ्या भागातून आणून बसवलेला तुकडा, आपलाच झाला. झालाय खरा, पण मुळात ती मनगटाजवळची नाहीतर मांडीची कातडी आहे, तोंडात आली म्हणून काही गालाच्या आतल्या त्वचेसारखी वागायला लागत नाही, आणि सगळी गडबड इथंच होते.

पहिली चूक, गरम आहे का हे तोंडात घेऊन बघायचं. अहो, फ्लॅपला चटका नीट कळतच नाही! काहींना थोडीफार जाणीव परत येते पण तिच्या भरवशावर राहू नका. सूप आधी ओठाच्या शाबूत बाजूला टेकवून बघा. मला एकदा पोळलेलं कळलं ते थेट दुसऱ्या दिवशी आरशात. तसंच चावलेलं कळत नाही, आणि घास फ्लॅपच्या कडेच्या खाचेत अडकून बसला तरी कळत नाही, वास यायला लागल्यावर घरचेच सांगतात. म्हणून जेवण झालं की टॉर्च, आरसा आणि मीठ-खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याची गुळणी. अल्कोहोलवालं माउथवॉश नको, आधीच कोरडं पडलेलं तोंड आणखी कोरडं होतं.

केस उगवतात, हो, तोंडात केस! कातडी केसाळ जागेची असेल तर उगवणारच. चिमट्याने उपटत बसू नका, मुळाशी सूज येऊ शकते. रेडिएशन झालं असेल तर बऱ्याचदा आपोआप गळतात, नाहीतर लेझरचं विचारा (पांढऱ्या केसांवर मात्र लेझर चालत नाही).

फ्लॅप पांढरट दिसला की काही जण घाबरून अर्धे होतात. सतत ओली राहिलेली कातडी तशी दिसतेच, पाण्यात भिजलेली बोटं आठवा. घाबरायचं कशाला, तर कडेला नवीन जखम झाली आणि २ आठवड्यांत भरली नाही, गाठ लागली, रक्त यायला लागलं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, तिथं दुखणं कळणारच नाहीये ना!

तोंड उघडायचा व्यायाम दुखतंय म्हणून सोडणं ही चूक सगळ्यात महाग पडते. सर्जनने हो म्हटल्यावर सुरू करायचा आणि रेडिएशन संपल्यावरही चालू ठेवायचा, कारण स्नायू नंतर कितीतरी महिने आखडत राहतात. तोंड पूर्ण उघडल्यावर समोरच्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर ३५ मिलीमीटरपेक्षा कमी असेल तर तोंड आखडलंय असं धरतात. रोज एकाच वेळी मोजून लिहून ठेवा, अंदाजपंचे नको.

आणि रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात कुणाकडूनही पटकन काढून घेऊ नका, १० वर्षं उलटली असली तरी. हाड नीट भरून येईलच असं नाही, सडू शकतं. दातांच्या डॉक्टरकडे जाताना रेडिएशनची फाइल सोबत न्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच दाखवा.