रविवारी भुयारात उतरायचंय, सामान बघून घ्या

मागच्या वेळी खेळात आपण राक्षसाच्या हातून नाही मेलो राव, मशाली संपल्या म्हणून मेलो. त्यामुळं ह्या रविवारी आधी उजेडाचा हिशोब. आपण डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या फाशांवरच्या साहसी खेळाची पाचवी एडिशन (२०१४ ची) खेळतो, त्यात मशाल जळते १ तास, २० फूट लख्ख उजेड अन् पुढचे २० फूट अंधुक. दिवसाला ८ तास चालायचं म्हणजे ८ मशाली, ८ पाउंड ओझं, आणि जितके दिवस जायचं तितकेच परत यायचं हे सगळेच विसरतात. झाकणाचा कंदील घेतला तर एका बाटली तेलात ६ तास निघतात, ३० फुटांपर्यंत दिसतं, आणि कुणी यायलंय असं वाटलं की झाकण पाडायचं, उजेड पाच फुटांवर येतो. दोन-तीन मशाली राहू द्या, बाकीचे पैसे तेलात घाला.

"मला डार्कव्हिजन आहे, अंधारात दिसतं" म्हणून एल्फ-ड्वार्फवाल्यांनी उड्या मारू नका. त्यांना गच्च अंधार अंधुक उजेडासारखा दिसतो, म्हणजे नजरेनं काही शोधायचं तर डिसअॅडव्हांटेज (फासा दोनदा टाकून कमीचा आकडा धरायचा), आणि रंग तर दिसतच नाहीत. माझ्या ड्वार्फला लाल खटका ओढायचा होता, तिन्ही खटके राखाडी दिसायले, मी अंदाजानं मधला धरला, डीएम (खेळ चालवणारा) गालातल्या गालात हसत फासे उचलायलाय अन् पायाखालची फरशी गायब.

पाणी. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या माणसांना हे सांगायची वेळ यावी! माणशी दिवसाला १ गॅलन लागतं, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर, आणि पखालीत बसतं निम्मं. एक पखाल म्हणजे अर्धा दिवस, तरी पात्राच्या शीटवर सगळ्यांची एकच लिहिलेली. खाणं माणशी १ पाउंड, ते चालतंय कसंबसं. खाली सापडेल म्हणत असाल तर जिथं काहीच उगवत नाही तिथं सर्व्हायव्हलचा (रानावनात तग धरायच्या कौशल्याचा) फाशावर आकडा २० लागतो, बघा बुवा.

हवेचं मात्र डीएमला आधीच विचारून ठेवा, रूलमध्ये श्वास किती वेळ रोखता येतो ते आहे पण कोंदट हवेचं फारसं काही नाही. आमच्या गावाकडं जुन्या वाड्यात ज्वारीचं पेव (जमिनीखालचं कोठार) होतं, आजोबा ते उघडलं की कुणालाच लगेच उतरू द्यायचे नाहीत, आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा, विझला तर आज उतरायचं नाही, बस. बंद पेवात धान्यच आतली हवा खातं, शिवाय विषारी वायू तळाशी साचतो. म्हणून ५० फुटी दोर घ्याच, जमलं तर रेशमी, सुताडाच्या निम्म्या वजनाचा असतो, आणि नवीन खड्डा दिसला की कंदील आधी, माणूस नंतर.

वाट हरवायची भीती कुणाला खरी वाटत नसेल तर दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारी वाटेत, जाऊन या, वळणं, कमीजास्त उंचीच्या पायऱ्या, वटवाघळं, शत्रूला गोंधळवायलाच केलेली ती. आपण खडू घ्यायचा आणि प्रत्येक फाट्यावर बाण काढायचा, बाण कायम बाहेरच्या दिशेनंच, आत जायचा बाण कुणीही काढायचा नाही, नाहीतर पळताना दोन्हीकडं बाण बघून भांडत बसू (बसलोय). डावा हात भिंतीला लावून चालायची आयडिया गोल फिरणाऱ्या भुयारात फसते, तिच्या भरवशावर राहू नका.

नकाशा कोण काढणार अन् वाट कोण शोधणार हे घरूनच ठरवून या, कारण जो ही कामं करतो त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासे न टाकता आपोआप लक्षात यायचा आकडा) धोका हेरायला धरत नाहीत. म्हणजे लक्ष ठेवायला तिसरा माणूस पाहिजे, आणि तो आपला झोपाळू बार्ड (गाणंबजावणीवाला) नको. धावतपळत गेलो तर ते पॅसिव्ह अजून ५ नं उतरतं, सावकाश चाला.

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणा, पेन नको, मागच्या नकाशात खाडाखोड करून करून एक अख्खी खोली गेली होती. लाइट गेली तर मोबाईलच्या टॉर्चवर खेळू, पण तेवढ्यात डीएम म्हणेल तुमच्या कंदिलातलं तेल पण संपलं, त्याचा काही नेम नाही.