माउस सोडा की, ताई

सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठली की आमच्या नवी पेठेतल्या डीटीपीच्या दुकानात गणिताचे सर यायला लागतात. हाती दहावीच्या बीजगणिताची सराव प्रश्नपत्रिका, अक्षर डॉक्टरसारखं, आणि वर "सकाळी झेरॉक्सला टाकायचीय." पहिल्या वर्षी मी मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये एकेका अपूर्णांकासाठी इन्सर्ट, इक्वेशन, फ्रॅक्शन अशा टिचक्या मारत बसले. चाळीस मार्कांच्या पेपरला रात्रीचा दीड वाजला. शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा मागं उभा राहून बघत होता. म्हणाला, "माउस सोडा की, ताई." गणित नुसत्या कीबोर्डवरून कसं लिहायचं ते असं.

वर्ड 2007 पासून पुढचं कुठलंही असेल तर आल्ट दाबून बरोबरचं चिन्ह (=) दाबा. समीकरणाची चौकट उघडते. मॅकवर आल्टऐवजी कंट्रोल. त्याआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा. इन्स्क्रिप्ट (मराठीचा कीबोर्ड) चालू राहिला की घाताचं ^ दाबायला जावं आणि 'त्र' उमटावा, हे माझं रोजचंच होतं.

आता चौकटीत (3+5)/(7-2) असं सरळ लिहा आणि स्पेस दाबा. कंस गळून पडतात, अंश वर, छेद खाली. सगळी करामत त्या स्पेसची आहे. स्पेस दाबेपर्यंत वर्ड वाट बघतं; दाबली की तेवढा तुकडा बांधून टाकतं. कंस दिसायलाच हवे असतील तर दुहेरी द्या, एक जोडी जाते, एक उरते. घातासाठी ^, पायाशी छोटा अंक हवा तर _ (अंडरस्कोअर). वर्गमुळासाठी बॅकस्लॅश (\) आणि लगेच एस क्यू आर टी लिहून स्पेस, की √ येतं. मग कंसात आतली राशी, पुन्हा स्पेस. अधिक-उणेला बॅकस्लॅश पी एम. ग्रीक अक्षरांना बॅकस्लॅशपुढं त्यांचं नावच इंग्रजीत लिहायचं, अल्फा, थीटा, पाय.

क्रेमरच्या पद्धतीतले निश्चयक, म्हणजे दोन उभ्या रेघांमधली आकड्यांची मांडणी, माउसने करणं म्हणजे शिक्षा. त्याला उभी रेघ, बॅकस्लॅश, इंग्रजीत मॅट्रिक्स, मग (5&3@2&4), पुन्हा उभी रेघ आणि स्पेस. एकदा न बांधलं तर परत स्पेस. & म्हणजे पुढचा स्तंभ, @ म्हणजे खालची ओळ.

पण खरा वेळ वाचला तो पुढच्या गोष्टीनं. वडील चादरीच्या जॅकार्ड मागावर होते. नक्षीचे पुठ्ठे एकदा भोकं पाडून तयार झाले की तीच नक्षी हव्या तितक्या चादरींवर उतरायची. वर्डमध्येही पुठ्ठे करता येतात. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, तिथं मॅथ ऑटोकरेक्ट. डावीकडं बॅकस्लॅश आणि तुमची दोन-तीन अक्षरं, उजवीकडं वर्गसमीकरणाचं पूर्ण सूत्र एका ओळीत, फक्त बॅकस्लॅशच्या शब्दांऐवजी √, ± ही चिन्हंच टाकून. मी बॅकस्लॅश क्यू एफ ठेवलंय. तेवढं टाइप करून स्पेस, न बांधलं तर परत स्पेस, सूत्र हजर. दर पेपरात लागणारी आठ-दहा सूत्रं अशी एका दुपारी भरून ठेवा.

विद्यापीठाचा प्रबंध असेल तर समीकरणाच्या शेवटी #(1) लिहून एंटर दाबा, क्रमांक उजव्या कडेला जाऊन बसतो. हे मात्र नव्या वर्डमध्येच. "म्हणून", "समजा" असले मराठी शब्द चौकटीबाहेरच लिहा, आत घातले की फाँट बिघडून ओळ खालीवर होते.

फाइल जुन्या डॉक प्रकारात सेव्ह करू नका, डॉकएक्सच ठेवा. एका क्लाससाठी मी ती चूक केली, सगळी समीकरणं चित्रं झाली आणि सरांना एका प्रश्नातला 6 बदलून 8 करायचा होता. तसंच कुणी फार जुनी फाइल आणली, जिच्यात वर्डच्या जुन्या इक्वेशन एडिटर 3.0 ची समीकरणं आहेत, तर भाव आधी ठरवा. सुरक्षेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टनं तो एडिटर जानेवारी 2018 मध्ये काढून टाकला, त्यामुळं मी ती सरळ नव्यानं टाइप करते आणि तसे पैसे घेते.

आणि देताना विचारते, "सर, मोबाइलवर उघडणार का कम्प्युटरवर?" मोबाइल म्हटले की पीडीएफ.