तंबाखू सोडायची तर आधी हाताला काम द्या

मी एसटीत ड्रायव्हर. सव्वीस वर्षं तंबाखू खाल्ली, सोडून आता तीन वर्षं झाली. डेपोतली पोरं विचारतात, "अण्णा, कशी काय सुटली?" म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

त्याआधी दोनदा शपथा घेऊन झाल्या होत्या. दुसरी मोडली वस्तीच्या गाडीवर. रात्री गाडी लावून पारावर बसलो, कंडक्टरने मळून थाप मारली आणि हात पुढे केला. मी बोलता बोलता चिमूट उचलली. बार दाढेखाली गेल्यावर शपथ आठवली. तलफ आलीच नव्हती, हात आपला आपणच गेला होता.

म्हणून तिसऱ्या खेपेला आधी आठ दिवस नुसती नोंद केली. पुडीला रबराने कागद लावला आणि प्रत्येक बाराला वेळ लिहिली. दिवसाला अकरा बार निघाले. त्यातले खरे तलफेचे चारच: सकाळी उठल्यावर, चहानंतर, जेवणानंतर आणि रात्री डोळे जड झाल्यावर. बाकीचे सात कुणी हात पुढे केला म्हणून, नाहीतर फाटकात गाडी अडकली म्हणून. ते सात आधी बंद केले.

उरलेल्या चारांसाठी रजा टाका. पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातात, त्यात स्टेअरिंगवर बसू नका. भाकरी जाड झाली म्हणून मी घरात ताट सरकवलं होतं. पुडीबरोबर चुन्याची डबीही टाकून द्या, ती खिशात असली की हात तिकडे जातोच. मी खिशात फुटाणे ठेवले. तळहातावर चोळायचे, सालं फुंकायची, तोंडात टाकायचे. हाताला वाटतं तंबाखूच मळतोय. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढ्याला मूठभर पुरतात. बडीशेप, भाजलेला ओवाही चालेल. सुपारी मात्र नको, का ते पुढे सांगतो.

निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्या. आमची पोरं ते बबलगमसारखं चघळतात, मग उचकी लागते, मळमळतं. हळू चावायचं, तोंडात झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही.

आता सगळे लाजतात तो प्रश्न. बार भरल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे खरंय. मलाही दहा-बारा दिवस त्रास झाला. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, रात्री पालेभाजी, दुपारी पेरू, आणि घाई न करता रोज त्याच वेळेला जाऊन बसायचं. लागते सवय. रात्रीच्या झोपेला मात्र फुटाणे उपयोगाचे नाहीत. गाडी बाजूला घ्या, तोंड धुवा, उतरून चार पावलं चाला.

कुणी हात पुढे केला तर "सोडली" म्हणू नका, चारचौघांत टिंगल होते. "तोंड आलंय, डॉक्टरनं बंद केलीय" म्हणा. पुढे कुणी आग्रह करत नाही. फारच अडलं तर १८००-११२-३५६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. आमच्या एका मेकॅनिकने त्यावर बोलून सोडली.

आणि महिन्यातून एकदा आरशासमोर बॅटरी घेऊन तोंड बघा. गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरलेली जखम दिसली तर दाताच्या डॉक्टरकडे जा. मग तीन बोटं उभी जोडून दातांच्या मधे घालून बघा. मी मधली चार वर्षं मावा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना एकत्र घोटलेला, खाल्ला होता. सुपारीने तोंड आतून आखडत जातं. माझं तिसरं बोट अडकलं, ते अजून अडकतं. दर सहा महिन्यांनी दाखवून येतो.