डेंग्यूचा सर्वे कागदावर नको, मोबाईलवर घ्या

पावसात गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरायचं तर कागद भिजतात आणि नंतर कोणीतरी ते टाइप करत बसतं, त्यापेक्षा मोबाईलवर फॉर्म भरायचं ओडीके कलेक्ट हे अ‍ॅप टाका, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अँड्रॉइडवर चालतं आणि रेंज नसली तरी फॉर्म भरता येतो, रेंज आली की पाठवायचा. पाठवलेले फॉर्म जमा करायला सर्व्हर म्हणून कोबोटूलबॉक्स चालेल.

फॉर्म एक्सेलमध्येच बनतो, मराठी आणि कोकणी लेबलचे वेगळे कॉलम ठेवा. प्रश्न मात्र कमी ठेवा हो! भांडी किती तपासली, अळ्या कितींत, भांडं कसलं (पिंप, टायर, कुंडीखालची बशी, फ्रीजमागचा ट्रे) आणि जीपीएस, बास. अळ्यांची भांडी तपासलेल्यांपेक्षा जास्त भरता येणार नाहीत अशी अट घालाच. जीपीएस अंगणात येऊन घ्या, घरात अ‍ॅक्युरसी बोंबलते.

मग डेटा क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर टाका. अळ्या सापडलेली घरं भागिले तपासलेली घरं गुणिले 100, हा हाऊस इंडेक्स वाड्यावार काढा, आख्ख्या पंचायतीचा एकच आकडा काढलात तर खराब वाडा त्यात लपतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस, म्हणजे मॅप त्याच आठवड्यात फवारणीवाल्यांच्या हातात हवा. फक्त त्यावर घरमालकांची नावं नकोत.